तीस मीटरांपलीकडची टीम

महाराष्ट्रातल्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची रीत सारखीच असते. तीन-चार जणांचा ग्रुप ठरतो. ते बहुधा आधीपासूनचे मित्र असतात, एकाच वर्गातले, पुष्कळदा होस्टेलच्या एकाच मजल्यावरचे. कोडिंगमध्ये ज्याचा हात बसलेला असतो तो कोड लिहितो, दुसरा रिपोर्टचं बघतो, तिसरी स्लाइड्स करते, आणि व्हायव्हाच्या आदल्या रात्री सगळे एका लॅपटॉपभोवती बसून डेमो चालता करतात. एक्स्टर्नल येतात, डेमो पाहतात, चार प्रश्न विचारतात, सही करतात. हीच मुलं काही महिन्यांत हिंजवडी, खराडी, ऐरोली किंवा बंगळुरूच्या एखाद्या इमारतीत रुजू होतात. तिथे त्यांच्या हाती येणारा कोड दुसऱ्याच कुणीतरी, बऱ्याचदा दुसऱ्याच देशात, काही वर्षांपूर्वी लिहिलेला असतो. त्यांनी केलेला बदल तपासणारी व्यक्ती न्यू जर्सीत असते, टेस्टिंग चेन्नईत होतं, आणि ज्यांच्यासाठी हे सारं चाललंय ते ग्राहक तिसऱ्याच गावी. शेजारच्या बाकाकडे वळून 'अरे, हे फंक्शन नेमकं काय करतं?' असं विचारायची सोय तिथे नसते.

हे काही काल-परवा घडलेलं नाही. इन्फोसिसची नोंदणी १९८१ साली पुण्यात झाली, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली बंगळुरूत केंद्र काढलं, पर्सिस्टंट १९९० साली पुण्यातच उभी राहिली. म्हणजे समुद्रापलीकडच्या माणसांबरोबर सॉफ्टवेअर लिहिण्याचा धंदा आपल्याकडे चाळीस वर्षांचा झाला. मात्र आपल्या अभ्यासक्रमात 'टीम' या शब्दाचा अर्थ अजूनही 'एका टेबलाशी बसलेली माणसं' असाच आहे. दूरच्या माणसाबरोबर सॉफ्टवेअर घडवणं हे वेगळं कौशल्य आहे, ते शिकवता येतं आणि ते विद्यापीठातच शिकवायला हवं, असं मला वाटतं. त्यासाठी नुसता एखादा पेपर वाढवून भागणार नाही. खरं अंतर, खरं परावलंबन आणि गुण देण्याची वेगळी पद्धत, या तिन्ही गोष्टी लागतील.

अंतर म्हटलं की आपल्यासमोर अमेरिका येते. पण अंतराचा परिणाम सुरू व्हायला समुद्र ओलांडावा लागत नाही. एमआयटीतल्या टॉमस ॲलन यांनी संशोधन आणि विकासाच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्या इंजिनिअरांचा माग घेतला. दोघांच्या टेबलांमध्ये किती अंतर आहे आणि ते आठवड्यातून एकदा तरी कामाबद्दल बोलतात का, एवढंच त्यांनी मोजलं. १९७७ साली त्यांचं पुस्तक आलं, आणि त्यातली वक्ररेषा आज 'ॲलनची वक्ररेषा' म्हणून ओळखली जाते. बोलणं होण्याची शक्यता पहिल्या तीसेक मीटरांतच झपाट्याने खाली येते. त्यापुढे माणूस दुसऱ्या मजल्यावर असो की दुसऱ्या गावात, फारसा फरक उरत नाही. या अंतराची किंमत किती, हे पुढे जेम्स हर्ब्सलेब आणि ऑड्रिस मोकस यांनी ल्यूसंट या दूरसंचार कंपनीच्या निरनिराळ्या देशांतल्या केंद्रांत तपासलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, ज्या बदलासाठी एकाहून अधिक ठिकाणची माणसं लागतात त्याला एकाच ठिकाणी होणाऱ्या तशाच बदलाच्या सुमारे अडीचपट वेळ लागतो. आणि याचं कारण दूरची माणसं सावकाश काम करतात असं अजिबात नव्हतं. काम दोन ठिकाणी पसरलं की त्यात गुंतणाऱ्या माणसांची संख्याच वाढते, हे त्यांना आढळलं. कुणाला विचारायचं हे माहीत नसतं, म्हणून चौघांना विचारलं जातं. त्या चौघांतल्या प्रत्येकाला प्रश्नाचा मागचा-पुढचा संदर्भ पहिल्यापासून सांगावा लागतो.

दूर बसलेल्या टीमचं काम जिथे एकमेकांना भिडतं त्या जागेला मी सांधा म्हणेन. सुताराला विचारलं तर तो सांगेल की फळ्या कितीही चांगल्या असल्या तरी कपाट डुगडुगतं ते सांध्यात. सॉफ्टवेअरमधल्या सांध्याचं एक महागडं उदाहरण मंगळाजवळ घडलं. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर डिसेंबर १९९८ मध्ये निघालं आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाशी पोचताना नाहीसं झालं. यान बांधलं होतं लॉकहीड मार्टिनने, कोलोरॅडोत. त्याला वाट दाखवणारी टीम होती कॅलिफोर्नियात, पासाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्याचे आकडे एका बाजूचं सॉफ्टवेअर पौंड-सेकंदांत लिहीत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वाचत होती. दर वेळी ४.४५ पट चूक. यान पृष्ठभागापासून २२६ किलोमीटरांवरून जायचं होतं, ते सुमारे ५७ किलोमीटरांपर्यंत खाली आलं. ही गोष्ट इथपर्यंत पुष्कळांना ठाऊक असते, आणि तात्पर्यही ठरलेलं असतं: एककं नीट लिहा. चौकशी समितीचा अहवाल वाचला तर मात्र जास्त अस्वस्थ करणाऱ्या गोष्टी दिसतात. कोणतं एकक वापरायचं हे सांध्याच्या कागदात लिहिलेलं होतं, मेट्रिकच. पण तो कागद पाळला जातोय का, हे पाहणारी चाचणी सांध्याच्या दोन्ही बाजूंनी मिळून केली नव्हती. उड्डाणानंतरचे पहिले चार महिने तर त्या फायलींच्या रचनेतच चुका होत्या, म्हणून माहिती ईमेलने पाठवली जात होती. पुढे वाट दाखवणाऱ्यांना आकडे जुळत नसल्याचं जाणवलंही, पण ती शंका रीतसर नोंदवून तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा झाला नाही. लिहिणं झालं होतं. लिहिलेलं पडताळून पाहणं आणि शंका नोंदवणं राहून गेलं.

विद्यार्थ्याला नेमकं काय शिकवायचं, याचं उत्तर मला इथे सापडतं. एका खोलीतल्या टीमला शेकडो गोष्टी न बोलता कळतात. मराठीत आपण 'बघतो' म्हणतो. समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून आपल्याला कळतं की या 'बघतो'चा अर्थ 'आज रात्री करतो' आहे, 'जमलं तर करीन' आहे, की 'नाही म्हणायला संकोच वाटतोय' असा आहे. मेसेजमध्ये हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात गोठून जातात. 'झालं' हा शब्द याहून फसवा. कोड लिहून झाला? माझ्या मशीनवर चालला? टेस्ट लिहून झाल्या? मर्ज झाला? दुसऱ्या कुणी रिव्ह्यू केला? एका बाकावर बसलेल्या चौघांना यातला कोणता अर्थ हे आपसूक कळतं, दोनशे मैलांवरच्या मुलीला कळत नाही. ती 'झालं' वर विश्वास ठेवून पुढचं काम रचते आणि तीन दिवसांनी सगळं उसवावं लागतं. अशी टीम सुरुवातीलाच बसून 'झालं' म्हणजे काय ते चार ओळींत लिहून ठेवते. मला ती सॉफ्टवेअर शिक्षणातली मूलभूत कृती वाटते, सॉर्टिंगचा अल्गोरिदम लिहिण्याइतकीच. तीच गोष्ट गप्प राहण्याची. आपल्याकडे न विचारणं हा बऱ्याचदा आदराचा भाग असतो. सर चिडतील, सीनिअरला वाईट वाटेल, आपलं अज्ञान उघडं पडेल. दूरच्या टीममध्ये हे गप्प राहणं पलीकडच्याला 'सगळं ठीक आहे' असं ऐकू येतं. शंका लवकर, सर्वांसमोर आणि लेखी विचारायची सवय सरावानेच लागते, उपदेशाने नाही.

असा सराव देण्याचे प्रयत्न जगात पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालले आहेत. स्वीडनमधलं उप्साला विद्यापीठ आणि अमेरिकेतल्या मिशिगनमधलं ग्रँड व्हॅली स्टेट विद्यापीठ यांनी १९९८ साली 'रुनस्टोन' नावाचा प्रकल्प सुरू केला. काम ठोस होतं: लाकडी चक्रव्यूहातली गोळी भोकांत पडू न देता पलीकडे न्यायची. एरवी हा खेळ हातांनी खेळायचा. इथे फळी कलती करायची मोटरींनी, गोळी कुठे आहे ते पाहायचं कॅमेऱ्याने, आणि मधलं सॉफ्टवेअर दोन खंडांतल्या विद्यार्थ्यांनी मिळून लिहायचं. विषयाची निवड मला फार मार्मिक वाटते. सांधा चुकला की गोळी पडते, आणि ते दोन्हीकडच्यांना दिसतं. २००३ पासून स्वीडनमधल्या वेस्टरोसचं मेलार्डालेन विद्यापीठ आणि क्रोएशियातलं झाग्रेब विद्यापीठ यांनी एकत्र अभ्यासक्रम चालवला. टीम मिश्र असे, काही मुलं इकडची, काही तिकडची. पुढे मिलानचं तंत्रविद्यापीठही त्यांना येऊन मिळालं. झुरिकच्या ईटीएचमध्ये बर्ट्रांड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ पासून 'डोस' हा अभ्यासक्रम चालवला. त्यात एकेका प्रकल्पाचे भाग वेगवेगळ्या देशांतल्या गटांकडे दिले जात. मेयर हे 'कराराने रचना' या कल्पनेचे आणि आयफेल या भाषेचे जनक. तुम्ही मला कोणत्या अटी पाळून माहिती द्यायची आणि मी त्या बदल्यात काय हमी देतो, हे तिथे कोडमध्येच लिहिलेलं असतं आणि प्रोग्राम चालताना तपासलंही जातं. दूरच्या टीमसाठी याचं मोल मोठं आहे. मंगळाच्या प्रकरणात कागदावर राहिलेली अट इथे सांध्यातच पहारा देत बसते.

'डोस'मधल्या टीमच्या कामातूनच एक शोधनिबंध २०११ साली निघाला. दोन ठिकाणी वाटलेल्या प्रकल्पांत तीन ठिकाणी वाटलेल्या प्रकल्पांपेक्षा जास्त संवाद झाला, आणि घड्याळातला फरक जिथे कमी होता तिथे ईमेलला उत्तरंही लवकर आली, असं त्यात आढळलं. दुसरी गोष्ट अपेक्षितच आहे. पहिली अधिक विचार करायला लावते. तिसरं ठिकाण आलं की बोलण्याची गरज वाढते, पण बोलणं कमी होतं. प्रत्येकाला वाटतं की उरलेल्या दोघांचं आपसात ठरलं असेल. वेस्टरोस आणि झाग्रेब यांच्या बाबतीतही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. दोन्ही शहरं एकाच वेळपट्ट्यात आहेत, घड्याळात एका मिनिटाचाही फरक नाही. तरी तो अभ्यासक्रम वर्षानुवर्षं चालवण्याजोगा ठरला, कारण शिकण्याजोगं अंतर घड्याळाविनाही पुरेसं होतं.

यावर पहिला आक्षेप उद्योगातून येतो. हे सगळं नोकरीत आपोआप शिकायला मिळतं, मग विद्यापीठाने वेळ का घालवावा? नोकरीत शिकायला मिळतं हे खरं. पण तिथे चुकीची किंमत ग्राहक देतो, त्यामुळे नवख्याला सांध्याजवळ फिरकूच दिलं जात नाही. दोन-तीन वर्षं तो वरून आलेलं काम करतो, कॉलवर सीनिअर बोलतात, तो म्यूटवर ऐकतो. चूक करून, ती समजून, पुन्हा करून पाहण्याची मुभा फक्त विद्यापीठच देऊ शकतं. दुसरा आक्षेप असा की आता साधनं आहेत, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट आहे, व्हिडिओ कॉल आहेत, आणि २०२० च्या लॉकडाऊनने घरबसल्या काम करायला सगळ्यांनाच शिकवलं. पण लॉकडाऊनमध्ये ज्या टीम घरी गेल्या त्या आधी एकमेकींना ओळखत होत्या. ऑफिसात वर्षानुवर्षं जमवलेल्या समजुतीच्या पुंजीवर त्यांनी ते दिवस काढले. विद्यार्थ्यांनी तर त्या काळात ऑनलाइन लेक्चर ऐकली, दूरच्या कुणाबरोबर काही घडवलं नाही. गॅरी आणि ज्युडिथ ऑल्सन यांनी २००० साली 'अंतराला महत्त्व आहे' अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला. साधनं कितीही सुधारली तरी सामाईक समजूत, कामाची एकमेकांतली गुंतवणूक आणि सहकार्याची तयारी हे प्रश्न उरणारच, असं त्यांचं म्हणणं होतं. पंचवीस वर्षांत साधनं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, पण ते म्हणणं मला आजही खरं वाटतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. लिनक्स १९९१ मध्ये सुरू झालं, जगभरच्या हजारो माणसांनी ते घडवलं, त्यातले कितीतरी एकमेकांना कधी भेटलेही नाहीत, आणि त्यांना कुणी अभ्यासक्रम शिकवला नव्हता. मग हे कौशल्य मुद्दाम शिकवायची गरज काय? लिनक्सच्या कामाची पद्धत जवळून पाहिली की उत्तर मिळतं. तिथे प्रत्येक बदलाबरोबर तो का केला याचं लेखी स्पष्टीकरण द्यावं लागतं, ते सर्वांसमोर तपासलं जातं, आणि कोडच्या प्रत्येक भागाला त्याचा राखणदार ठरलेला असतो. २००५ साली लिनस टोर्वाल्ड्स यांनी गिट लिहिलं तेच मुळी या पद्धतीला पेलेल असं साधन हाताशी नव्हतं म्हणून. म्हणजे या समूहाने सांध्याची शिस्त अतिशय कठोरपणे घडवली. आणि ज्याला ती जमली नाही तो निमूटपणे बाहेर राहिला. त्याची नोंद कुठेच नाही. स्वेच्छेने जमलेल्या समूहाला अशी गाळणी परवडते. विद्यापीठाला परवडत नाही. ज्याला इंग्रजीत चार वाक्यं लिहायला अवघड वाटतं, ज्याला अनोळखी माणसाने जाहीरपणे चूक दाखवली की लाज वाटते, त्या मुलाला किंवा मुलीला तिथपर्यंत नेणं हेच तर शिक्षणाचं काम.

उरतो तो व्यवहाराचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत खरा वाटतो. परदेशी विद्यापीठाशी सूत जुळवायला ओळखी लागतात. त्यांची सत्रं आपल्या सत्रांशी जुळत नाहीत. आपली परीक्षा चालू असताना त्यांचा प्रकल्प ऐन भरात असतो. शिक्षकावर आधीच ओझं. पण ॲलनची तीस मीटरं आणि वेस्टरोस-झाग्रेबचं एकच घड्याळ लक्षात घेतलं तर पहिल्या पायरीसाठी परदेशाची गरजच उरत नाही. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी राज्यभरातली कॉलेजं संलग्न आहेत. अभ्यासक्रम एक, परीक्षेचं वेळापत्रक एक. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर हे तीन जिल्हे येतात. विदर्भातल्या एका कॉलेजातले तीन आणि कोकणातल्या दुसऱ्या कॉलेजातले तीन विद्यार्थी मिळून एक प्रोजेक्ट करतील, तर अंतराचे बहुतेक धडे त्यातून मिळतील. घड्याळाचा धडा मिळणार नाही, हे कबूल. मध्य युरोपशी आपला फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा, न्यूयॉर्कशी साडेनऊ आणि साडेदहा. शिवाय अमेरिका आणि युरोप आपली घड्याळं वेगवेगळ्या रविवारी बदलतात, त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे ठरलेली तिहेरी मीटिंग हमखास चुकते. हे परदेशी जोडीदाराबरोबरच उमगतं, आणि ते दुसऱ्या पायरीवर शिकता येईल. राज्यातल्या राज्यात केलेल्या जोडीत मात्र एक वेगळाच, आपला असा धडा आहे. मुलं फोनवर मराठीत बोलणार, निर्णय मराठीत होणार आणि नोंद इंग्रजीत राहणार. या भाषांतरात काय गळतं, हे त्यांना इथेच पाहता येईल. नोंद मराठीत ठेवायला काय हरकत आहे, हा प्रश्नही त्यांनी विचारावा. कोडमधल्या नावांना इंग्रजी लागेल, निर्णयाच्या कारणांना लागेलच असं नाही.

काम वाटण्याची पद्धतही मुद्दाम आखावी लागते. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली दाखवून दिलं की संस्था ज्या रचनेत संवाद साधते तीच रचना तिच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरते. दोन कॉलेजांना दोन स्वतंत्र भाग दिले तर मुलं सत्राच्या शेवटी ते कसेबसे चिकटवतील, आणि सांधा एकदाच, शेवटच्या आठवड्यात, दिसेल. म्हणून दर आठवड्याला दोन्ही बाजूंचा कोड एकत्र चालवून दाखवायला हवा. शिवाय सत्राच्या मध्यावर भागांची अदलाबदल करावी असं मी सुचवीन. आजवर तुम्ही लिहिलेला भाग उद्यापासून त्यांचा, त्यांचा तुमचा. हस्तांतरासाठी फोन नाही, फक्त लिहिलेलं. ज्यांनी नोंदी ठेवल्या, टेस्ट लिहिल्या, नावं विचारपूर्वक दिली, त्यांच्या जोडीदाराचं काम दोन दिवसांत सुरू होईल. ज्यांनी तसं केलं नाही त्यांच्या जोडीदाराचे दोन आठवडे जातील. जोडीदाराला लागलेले दिवस हेच त्यांच्या नोंदींचं परीक्षण. मुलं कागद भरण्यापुरता कागद भरतील, अशी जी रास्त भीती शिक्षकांना वाटते तिला हे उत्तर आहे. न वापरण्याजोगी नोंद इथे लगेच उघडी पडते. हल्ली कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली आहेत आणि त्यामुळे हे सगळं कालबाह्य होईल, असंही म्हटलं जातं. मला उलट वाटतं. लिहिणं जितकं स्वस्त होईल तितका 'नेमकं काय लिहायचं आणि ते का' यावर दोन माणसांचं एकमत होणं हा कामाचा मोठा वाटा ठरेल.

गुणांचा प्रश्न सोडवल्याशिवाय यातलं काहीच टिकणार नाही, कारण मुलं जिथे गुण तिथे जातात आणि त्यात त्यांचा दोष नाही. आज गुण डेमोला आणि बांधलेल्या रिपोर्टला मिळतात. दूरच्या टीमचं खरं काम गिटच्या इतिहासात दिसतं: कोणी काय कधी बदललं, रिव्ह्यूमध्ये कोणती शंका निघाली, तिचं उत्तर मिळालं की नाही, आधी घेतलेला निर्णय नंतर का फिरवला. हा इतिहास खोटा तयार करता येतो, असं कुणी म्हणेल. एका रात्रीत केलेल्या शंभर कमिट तारखांवरून ओळखू येतात. तारखाही बदलता येतात, पण मग दुसऱ्या कॉलेजातल्या तिघांनाही त्याच खोटेपणात सामील करून घ्यावं लागेल, आणि ते इथे सोपं नाही. पलीकडच्या बाजूचा विद्यार्थी बुडाला तर इकडच्याचे गुण जाऊ नयेत, हीही काळजी घ्यावी लागेल. सांधा कुणी आणि कधी सोडला हे इतिहासातच दिसत असल्यामुळे ती घेता येते. ज्याने वेळेवर शंका लिहिली, उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा लिहिली, मग शिक्षकांना कळवलं आणि दरम्यान स्वतःचा भाग तात्पुरत्या नकली माहितीवर चालता ठेवला, त्याचा प्रकल्प अपुरा राहिला तरी त्याला पूर्ण गुण मिळायला हवेत. बाहेरच्या परीक्षकाने व्हायव्हाला येताना डेमो शेवटी ठेवावा. आधी इतिहासातली एखादी जुनी नोंद उघडावी, शक्यतो मध्यावरच्या अदलाबदलीच्या आधीची. तो निर्णय ज्यांनी घेतला त्यांना गप्प बसवावं, आणि पलीकडच्या कॉलेजातल्या मुलीला विचारावं की हे असं का केलं असेल. तिला सांगता आलं, तर तिच्याबरोबर ते लिहिणाऱ्यालाही गुण द्यावेत.